कातड्यांच्या रंगांत भूगोल वाचणारा संशोधक : क्लिंटन हार्ट मेरियम

उत्तर अमेरिकेत दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत आखूड शेपटीचे एक रानमांजर आढळते. त्याचे नाव बॉबकॅट. आकाराने ते पाळीव मांजराच्या साधारण दुपटीने मोठे असते. कानांच्या मागच्या बाजूला पांढरा ठिपका, पुढच्या पायांवर काळे आडवे पट्टे आणि शेपटीच्या टोकाला वरून काळा व खालून पांढरा रंग, एवढ्या खुणा सर्वत्र सारख्या असतात. अंगाच्या रंगाचे मात्र तसे नाही. पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या पावसाळी, गर्द अरण्यांतले बॉबकॅट गडद तांबूस असते. ॲरिझोना आणि नेवाडाच्या कोरड्या पठारांवरचे फिकट, राखाडी आणि वाळूशी मिसळून जाणारे असते. टेक्सासमधल्या बॉबकॅटच्या अंगावर ठिपके अधिक ठळक असतात. फ्लोरिडाच्या दलदलीत ते काळसर होते आणि तेथे क्वचित पूर्ण काळ्या रंगाचेही आढळले आहे. त्यात ऋतूची भर पडते. उन्हाळ्यात केस आखूड, विरळ आणि लालसर असतात, तर हिवाळ्यात ते लांब, दाट आणि करडे होतात. एकच जनावर जुलैत एका रंगाचे आणि जानेवारीत दुसऱ्या रंगाचे दिसते.

या रंगभेदांना किती महत्त्व द्यावे? हे एकाच जनावराचे निरनिराळे वेश मानावेत, की ही निरनिराळी जनावरे मानावीत? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील प्राणिशास्त्र या प्रश्नाभोवती फिरत होते. हा प्रश्न सर्वांत हिरिरीने हाती घेणारा, त्यासाठी लाखाहून अधिक कातडी आणि कवट्या गोळा करवून घेणारा आणि त्याच्या उत्तरात काही अंशी स्वतःच अडकलेला माणूस म्हणजे क्लिंटन हार्ट मेरियम.

मेरियमचा जन्म ५ डिसेंबर १८५५ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्याचे बालपण गेले ते मात्र त्याच राज्याच्या उत्तर भागातील लोकस्ट ग्रोव्ह या गावी. ॲडिरॉन्डॅक पर्वताची अरण्ये तेथून जवळच होती. वडील सुखवस्तू होते आणि पुढे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य झाले. मुलाला पक्षी मारण्याचा, त्यांची कातडी सोलून त्यांत पेंढा भरण्याचा आणि अंडी व घरटी जमवण्याचा नाद होता. त्या काळी या नादात वावगे असे काही कोणाला वाटत नसे. वडिलांनी त्याला रागावण्याऐवजी वॉशिंग्टनला नेले आणि स्मिथसोनियन संस्थेतील स्पेन्सर बेअर्ड यांची भेट घडवून आणली. बेअर्ड हे त्या काळच्या अमेरिकन निसर्गविज्ञानाचे आधारस्तंभ. मुलाची कामातली सफाई त्यांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांच्याच शब्दामुळे १८७२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मेरियमला हेडन यांच्या सरकारी सर्वेक्षण मोहिमेबरोबर यलोस्टोनच्या प्रदेशात जायला मिळाले. त्या एका हंगामात त्याने ३१३ पक्ष्यांची कातडी आणि अंड्यांसह ६७ घरटी गोळा केली. मोहिमेच्या अहवालात त्याचा वृत्तान्त छापला गेला, तेव्हा त्याची शाळाही पुरती संपलेली नव्हती.

पुढे येल विद्यापीठात आणि नंतर न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८७९ मध्ये तो डॉक्टर झाला. सहा वर्षे त्याने आपल्या गावी वैद्यकी केली. रोग्यांच्या घरी जाता-येता जंगल दिसे आणि जंगलात शिरले की वेळेचे भान राहत नसे. १८८३ मध्ये सीलच्या शिकारीवर निघालेल्या एका जहाजावर शल्यवैद्य म्हणून जाऊन तो न्यूफाउंडलंडच्या बर्फातही फिरून आला. ॲडिरॉन्डॅकमधील सस्तन प्राण्यांवरचा त्याचा ग्रंथ याच काळात प्रसिद्ध झाला. त्यात प्राण्यांच्या सवयींचे तपशील इतके होते की केवळ वर्गीकरणाची यादी अपेक्षिणाऱ्या वाचकांना नवल वाटावे. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञांची संघटना त्याच वर्षी उभी राहिली आणि तिच्या संस्थापकांत मेरियमचे नाव होते.

या संघटनेच्या खटपटीमुळे १८८५ मध्ये काँग्रेसने ५,००० डॉलरची तरतूद केली आणि कृषी खात्यात पक्ष्यांच्या अभ्यासासाठी एक लहानशी शाखा उघडली. तिचा प्रमुख म्हणून एकोणतीस वर्षांच्या मेरियमची नेमणूक झाली. वैद्यकीय महाविद्यालयातला त्याचा सहाध्यायी अल्बर्ट फिशर हा त्याचा साहाय्यक झाला. शाखेचे काम शेतकऱ्यांच्या उपयोगाचे असावे, अशी सरकारची अपेक्षा होती. मेरियमने ती सुरुवातीलाच चोख पुरी केली.

पेनसिल्व्हेनिया राज्याने १८८५ मध्ये एक कायदा केला होता. ससाणे, घुबडे, मुंगसासारखे दिसणारे वीझल आणि मिंक यांना मारून आणणाऱ्यास दर जनावरामागे ५० सेंट बक्षीस मिळे. लोकांनी सरकारी तिजोरी रिकामी करायला घेतली. मेरियमने हिशेब मांडला. दीड वर्षात सुमारे ९०,००० डॉलर बक्षिसांपोटी खर्च झाले होते आणि त्याबदल्यात वाचलेल्या कोंबड्यांची किंमत भरत होती १,८७५ डॉलर. शिवाय ज्या पक्ष्यांना मारले, ते जिवंत असते तर त्यांनी खाल्ले असते असे उंदीर आणि कीटक शेतात मोकळे सुटले, त्याचा तोटा वेगळाच. पुढे १८९३ मध्ये फिशरने हजारो ससाण्यांच्या आणि घुबडांच्या जठरांतील अन्न तपासून एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि यांतील बहुतेक पक्षी शेतकऱ्याचे मित्र आहेत हे पुराव्याने दाखवून दिले. शिकारी प्राण्याला शत्रू ठरवण्याआधी त्याचे पोट उघडून पाहावे, ही शिस्त या कार्यालयाने अमेरिकेला लावली.

मेरियमचे मन मात्र शेतीच्या हिशेबात रमणारे नव्हते. कोणता प्राणी कोठे राहतो, तेथेच का राहतो आणि जागा बदलली की त्याच्यात काय बदलते, हे त्याला जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्याने शाखेचा हळूहळू विस्तार केला. देशभर संग्राहक नेमले. त्यांतला सर्वांत गुणी माणूस म्हणजे मिनेसोटातील एका शेतकऱ्याचा मुलगा व्हर्नन बेली. हा तरुण शेतावर पकडलेले उंदीर, चिचुंदऱ्या नीट सोलून, लेबले लावून वॉशिंग्टनला पाठवत असे. मेरियमने त्याला नोकरीवर घेतले. पुढे बेलीचा विवाह मेरियमच्या बहिणीशी झाला. फ्लॉरेन्स मेरियम बेली या स्वतः नामांकित पक्षिलेखिका होत्या.

मेरियमची शिस्त कडक होती. प्रत्येक कातड्याबरोबर त्याच जनावराची कवटी आली पाहिजे. लेबलावर ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, नर की मादी आणि ताज्या जनावराची मापे लिहिलेली असली पाहिजेत. आज हे सारे स्वाभाविक वाटते. त्यापूर्वीची अनेक संग्रहालये मात्र नुसत्या पश्चिम अमेरिका किंवा टेक्सास एवढ्याच नोंदीवर समाधानी असत. बॉबकॅटसारख्या प्राण्याच्या बाबतीत तारखेचे मोल विशेष आहे. वर्षातून दोनदा त्याचे केस बदलतात. ऑगस्टमध्ये मारलेले लालसर जनावर आणि डिसेंबरमध्ये मारलेले करडे जनावर शेजारी ठेवले आणि तारीख ठाऊक नसली, तर पाहणारा त्यांना दोन प्रदेशांतली दोन जनावरे समजून बसेल. फासेपारधी केसांना किंमत येते म्हणून हिवाळ्यातच बॉबकॅट पकडत. त्यामुळे संग्रहात हिवाळी कातड्यांचाच भरणा अधिक असे आणि उन्हाळी रंगाची कल्पना अपुरी राही. त्यातही जुने कातडे वर्षानुवर्षे ठेवले की त्याचा रंग बदलत जातो. रंगावरून काही ठरवायचे असेल, तर ऋतू, वय, झीज आणि संग्रहातील काळ या सर्वांचा हिशेब आधी चुकता करावा लागतो.

१८८९ च्या उन्हाळ्यात मेरियम आणि बेली ॲरिझोनातील सॅन फ्रान्सिस्को पर्वतावर गेले. पायथ्याशी लिटल कोलोराडो नदीचे तापलेले वाळवंट आणि माथा सुमारे ३,८५० मीटर उंच. दोन महिन्यांच्या मुक्कामात त्यांनी वाळवंटापासून शिखरापर्यंत कोठे कोणती झाडे आणि कोणते प्राणी आहेत याची नोंद केली. खाली निवडुंग आणि वाळवंटी उंदीर. त्यावर बुटक्या पिन्यन पाइनचा पट्टा. त्यावर उंच पाइनची अरण्ये, मग डग्लस फर, मग स्प्रूस आणि अखेरीस झाडेही न उगवणारे उघडे, खडकाळ माथे. मेक्सिकोपासून कॅनडाच्या उत्तर टोकापर्यंत प्रवास केल्यावर जे दिसावे, ते एका डोंगराच्या चढणीत दिसत होते. यावरून मेरियमने जीवनपट्ट्यांचा सिद्धांत मांडला. प्राणी आणि वनस्पती तापमानानुसार पट्ट्यापट्ट्यांत विभागलेले असतात, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढच्या पिढीने त्यातला तापमानावरचा एकांगी भर अमान्य केला. पाऊस, माती आणि प्राण्यांमधली चढाओढ यांनाही तितकेच वजन दिले पाहिजे, असे दिसून आले. तरी उंची आणि हवामान यांच्या आधारे निसर्गाचा नकाशा काढण्याची सवय अमेरिकेतील अभ्यासकांना लागली ती या मोहिमेमुळे.

या मोहिमेचा अहवाल १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर ॲरिझोनातून आलेल्या एका फिकट बॉबकॅटचे वर्णन होते. मेरियमने त्याला स्वतंत्र प्रजाती मानले आणि आपल्या तरुण साहाय्यकाच्या गौरवार्थ तिला बेलीचे नाव दिले. नऊ वर्षांनी वॉशिंग्टन राज्यातील ॲडम्स पर्वताच्या परिसरातून आलेल्या आणखी एका फिकट रंगाच्या बॉबकॅटला त्याने वेगळे नाव दिले. त्या नावाचा अर्थच मुळी फिकट होत जाणारे असा होतो.

बॉबकॅटला नावे देण्याची परंपरा त्याच्या आधीपासूनची होती. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ श्रेबर याने १७७७ मध्ये या प्राण्याला तांबड्या रंगावरून पहिले शास्त्रीय नाव दिले. १८०५-०६ च्या हिवाळ्यात लुईस आणि क्लार्क यांची मोहीम कोलंबिया नदीच्या मुखाशी मुक्कामाला होती. त्यांनी तेथल्या तांबूस रानमांजराची नोंद केली आणि त्या वर्णनावरून १८१७ मध्ये राफिनेस्क याने प्रत्यक्ष जनावर न पाहताच आणखी एक प्रजाती उभी केली. १८९० नंतरच्या दशकात तर नावांची लाटच आली. टेक्सासचे वेगळे, नोव्हा स्कोशियाचे वेगळे, बाहा कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पाचे वेगळे, कॅलिफोर्नियाचे वेगळे. प्रत्येक नावामागे थोडीफार कातडी आणि कवट्या होत्या आणि रंगातला फरक त्यांत बहुधा अग्रभागी असे.

हा फरक खोटा नव्हता. ओलसर हवेतले प्राणी गडद आणि कोरड्या हवेतले फिकट असतात, हे ब्रेसलाउच्या ग्लोगर याने १८३३ मध्येच पक्ष्यांच्या संदर्भात सांगितले होते. बॉबकॅट दबा धरून सशांची शिकार करते. ओल्या, शेवाळलेल्या अरण्यात गडद तांबूस अंग लपते. वाळू आणि खडकांच्या प्रदेशात तेच अंग दुरून उठून दिसेल. तेथे फिकट केसांचे जनावर पोट भरते आणि पिले वाढवते. पिढ्यान्पिढ्या हे घडत गेले की प्रदेशाचा रंग प्राण्याच्या अंगावर उतरतो. आपल्याकडे सह्याद्रीतल्या शेकरूच्या रंगावरून एकोणिसाव्या शतकापासून असाच वाद चालत आला आहे. कर्नल साइक्स याने १८३१ मध्ये भीमाशंकरच्या शेकरूला स्वतंत्र नाव दिले आणि त्यानंतर घाटाच्या निरनिराळ्या भागांतील शेकरूंना त्यांच्या तांबड्या, काळ्या आणि बदामी छटांवरून नावे मिळत गेली.

फरक खरा असला, तरी त्याची सीमा कोठे आखायची ही अडचण उरतेच. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. मात्र अमुक एका ओढ्याच्या अलीकडे एक बोली आणि पलीकडे दुसरी, असे कोणाला दाखवता येत नाही. बॉबकॅटचा रंगही तसाच हळूहळू बदलतो. दोन टोके शेजारी ठेवली की ती वेगळी जनावरे वाटतात आणि मधल्या मुलखातली कातडी मांडत गेले की फरक विरघळून जातो. त्या काळचे बहुतेक अभ्यासक एक नियम पाळत. दोन रूपांच्या मधली रूपे सापडली, तर त्यांना एका प्रजातीच्या उपप्रजाती म्हणावे. न सापडली, तर त्या स्वतंत्र प्रजाती. १८९७ मध्ये मेरियमने या नियमालाच आव्हान दिले. मधली रूपे सापडणे हा नशिबाचा भाग आहे, फरक किती मोठा आहे हे पाहावे आणि तो पुरेसा असेल तर स्वतंत्र प्रजाती मानावी, असे मत त्याने सायन्स या नियतकालिकात मांडले. त्याच वर्षी त्याने कोयोटी या लहान लांडग्यांची जवळपास डझनभर प्रजातींत विभागणी केली.

त्याला उत्तर द्यायला पुढे आला तो कोणी प्राध्यापक नव्हता. थिओडोर रूझवेल्ट तेव्हा न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळावरून नौदलाच्या उपमंत्रिपदाकडे निघाला होता. तो स्वतः शिकारी होता आणि सस्तन प्राण्यांचा जाणकार होता. सारख्या दिसणाऱ्या जनावरांना इतकी नावे दिली, तर त्यांच्यातले साम्य झाकले जाते आणि सामान्य अभ्यासकाला काहीच उमगत नाही, असा त्याचा आक्षेप होता. नाव हे वेगळेपणा दाखवण्यासाठी असते, तसेच नाते दाखवण्यासाठीही असते, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा. वॉशिंग्टनमध्ये विद्वानांच्या सभेत दोघांचा जाहीर वाद झाला. मेरियमने कोयोटींच्या कवट्या टेबलावर मांडून आपली बाजू सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. वाद मिटला नाही, मैत्रीही तुटली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस मेरियमने ऑलिम्पिक पर्वतातल्या भव्य एल्क हरणाला नवी प्रजाती ठरवून तिला रूझवेल्टचे नाव दिले. ज्या माणसाने प्रजातींच्या वाढत्या संख्येला विरोध केला, त्याच्याच नावाने आणखी एक प्रजाती जन्माला आली. आज ते हरीण एल्कची उपप्रजाती मानले जाते. पुढे रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९०७ मध्ये काँग्रेसमधील काही सदस्यांनी मेरियमच्या खात्याचा निधी तोडायला घेतला, तेव्हा त्याने आपले वजन मेरियमच्या बाजूने टाकले.

तोवर मेरियम देशातला मान्यवर झाला होता. १८८८ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांत तो होता. १८९१ मध्ये डेथ व्हॅलीच्या वाळवंटातील मोहीम त्याने आखली. १८९९ मध्ये रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमन याने अलास्काच्या किनाऱ्यावर जहाज नेले. त्यावर जॉन म्यूर आणि जॉन बरोज यांच्यासारखे निसर्गलेखक आणि शास्त्रज्ञ जमवण्याचे काम मेरियमने केले आणि नंतरच्या अहवालांचे संपादनही पाहिले. कृषी खात्यातली त्याची लहान शाखा वाढत वाढत १९०५ मध्ये जैविक सर्वेक्षणाचा स्वतंत्र विभाग झाली. सस्तन प्राण्यांची सहाशेहून अधिक नवी रूपे त्याच्या नावावर जमा होती.

याच विभागाने पुढे जी वाट धरली, ती मेरियमच्या कार्याचा सर्वांत कडवट भाग आहे. पश्चिमेकडचे मेंढपाळ आणि गुरांचे मालक यांच्या तक्रारी वाढल्या. लांडगा कोठे राहतो, काय खातो, केव्हा पिले घालतो हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनाच त्याला कसे संपवावे हे विचारले जाऊ लागले. १९०७ मध्ये व्हर्नन बेलीने लांडग्यांचा नायनाट कसा करावा यावर मार्गदर्शन लिहिले. मेरियमच्या निवृत्तीनंतर १९१५ मध्ये काँग्रेसने या विभागाला हिंस्र प्राण्यांच्या निर्मूलनासाठी खास निधी दिला आणि सरकारी पगारावरचे शिकारी विष आणि सापळे घेऊन पठारांवर फिरू लागले. लांडगे आणि कोयोटी यांच्याबरोबर बॉबकॅटही हजारोंच्या संख्येने मारले गेले. पेनसिल्व्हेनियातल्या ससाण्यांच्या बाजूने हिशेब मांडणाऱ्या कार्यालयाने आपलाच हिशेब बाजूला ठेवला. मेरियमने घालून दिलेली ज्ञानाची पद्धत तीच होती, फक्त तिचा उपयोग आता दुसऱ्याच कामासाठी होत होता.

१९१० मध्ये मेरियमने सरकारी नोकरी सोडली. हॅरिमनच्या विधवा पत्नीने त्याच्या आजन्म संशोधनासाठी निधी दिला आणि त्याची व्यवस्था स्मिथसोनियन संस्थेकडे सोपवली. सर्वांची अपेक्षा होती की तो आता अमेरिकेतील सस्तन प्राण्यांवरचा महाग्रंथ पुरा करील. तो ग्रंथ कधीच झाला नाही. झाले ते अस्वलांवरचे काम. वर्षानुवर्षे जमवलेल्या कवट्या तपासून १९१८ मध्ये त्याने उत्तर अमेरिकेतील ग्रिझली आणि मोठ्या तपकिरी अस्वलांची ८० हून अधिक रूपांत विभागणी केली. कॅनडाच्या उत्तरेकडून १८६४ मध्ये आलेल्या एका फिकट, पिवळसर अस्वलासाठी तर त्याने नवा वंशच निर्माण केला. आज ही सर्व अस्वले एकाच प्रजातीची मानली जातात. वय, लिंग आणि व्यक्तिगत फरक यांनाच त्याने प्रजातीची लक्षणे समजले होते. फरक शोधण्यात मुरलेली नजर साम्य पाहायला विसरली होती. रूझवेल्टचा जुना आक्षेप येथे पुरेपूर खरा ठरला.

निवृत्तीनंतरचा त्याचा बहुतेक वेळ मात्र एका वेगळ्याच कामात गेला. कॅलिफोर्नियाच्या मोहिमांत त्याला तेथील मूळ रहिवासी भेटले होते. त्यांची गावे उजाड होत होती आणि भाषा संपत चालल्या होत्या. गोरे लोक येण्यापूर्वी कॅलिफोर्नियात सुमारे २,६०,००० मूळ रहिवासी असावेत, असा अंदाज त्याने १९०५ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यांतले किती उरले हे तो डोळ्यांनी पाहत होता. उन्हाळ्यामागून उन्हाळे तो वस्त्यांवर जाऊन वृद्धांशी बोलत बसे. शब्द, प्राण्यांची आणि झाडांची नावे, टोळ्यांच्या सीमा, कथा तो उतरवून घेई. विणलेल्या टोपल्यांचा मोठा संग्रह त्याने केला. भाषाशास्त्रज्ञांची ध्वनिलिपी त्याने कधीच स्वीकारली नाही. सर्वसाधारण वाचकाला वाचता येईल अशा साध्या अक्षरांतच तो शब्द लिहीत राहिला. त्यामुळे विद्यापीठांतले अभ्यासक त्याच्याकडे थोडे दुरूनच पाहत आणि त्यानेही आपल्या नोंदींतल्या फार थोड्या छापल्या.

येथे मात्र त्याची भेद टिपण्याची सवय उपयोगी पडली. एका खोऱ्यातला शब्द शेजारच्या खोऱ्यात कसा बदलतो, हे त्याने बॉबकॅटच्या रंगाइतक्याच बारकाईने नोंदवले. अस्वले त्याच्या नंतरही राहिली आणि त्याची चूक दुरुस्त करायला उपलब्ध होती. ज्या वृद्धांकडून त्याने शब्द घेतले, त्यांतल्या काहींच्या मागे ती भाषा बोलणारे कोणी उरले नाही. त्याच्या वह्या आज बर्कलीच्या ग्रंथालयात आहेत. आपल्या पूर्वजांची भाषा पुन्हा जुळवू पाहणाऱ्यांना अशा नोंदींशिवाय दुसरा आधार नाही.

१९१९ मध्ये अमेरिकेतील सस्तन-प्राणिशास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद मेरियमकडेच गेले. १९ मार्च १९४२ रोजी बर्कली येथे, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षात, त्याचे निधन झाले.

त्याने आणि त्याच्या समकालीनांनी दिलेल्या नावांचा निवाडा पुढच्या शतकाने केला. अलीकडच्या अभ्यासकांनी बॉबकॅटच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी केली, तेव्हा सर्वांत स्पष्ट फूट दिसली ती महाद्वीपाच्या मधोमध पसरलेल्या विशाल गवताळ मैदानांच्या दोन बाजूंना. २०१७ मध्ये जगातील मार्जारकुळाचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी बॉबकॅटच्या दोनच उपप्रजाती तात्पुरत्या मान्य केल्या, एक मैदानांच्या पूर्वेकडची आणि दुसरी पश्चिमेकडची. पश्चिमेकडच्या उपप्रजातीला राफिनेस्कचे १८१७ चे नाव मिळाले, कारण ते सर्वांत जुने होते. मेरियमने दिलेली दोन्ही नावे त्याखाली जमा झाली. गडद आणि फिकट हे भेद राहिले, मात्र त्यांना स्वतंत्र नावाची गरज उरली नाही.

रंगाचे महत्त्व तेवढ्याने संपले असेही नाही. बाजारात पश्चिमेकडच्या फिकट, पांढऱ्या पोटाच्या आणि ठळक ठिपक्यांच्या कातड्याला सर्वाधिक भाव येतो. कोरड्या पठारांनी लपण्यासाठी दिलेला रंग त्या प्राण्याच्या जिवावर उठतो. बॉबकॅटचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७७ पासून नियंत्रणाखाली आहे. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये सापळे लावून त्याला पकडण्यास आणि २०२० पासून त्याच्या शिकारीसही बंदी घातली.

कातडे कोणत्या प्रदेशातले, कोणत्या ऋतूतले आणि कोणत्या काळातले हे ठरवताना अभ्यासकांना अजूनही स्मिथसोनियनमधल्या त्या जुन्या खणांकडे वळावे लागते. तेथे बेलीच्या आणि इतर संग्राहकांच्या हातची लेबले प्रत्येक जनावराच्या पायाला बांधलेली आहेत. मेरियमने दिलेली बहुतेक नावे पुसली गेली. ठिकाण, उंची आणि तारीख लिहिल्याशिवाय कातडे स्वीकारायचे नाही, हा त्याचा हट्ट मात्र वाया गेला नाही. त्याच्या निष्कर्षांना खोटे ठरवणारा पुरावाही त्यानेच जपून ठेवलेल्या खणांतून निघाला.